इको किती ठेवायचा

खान्देशात कीबोर्ड वाजवणाऱ्या माणसाला लोक दोनच सूचना करतात. आवाज वाढवा आणि इको वाढवा. आवाज वाढवणं साउंडवाल्याच्या हातात असतं, पण इको माझा होता. सव्वीस वर्षं त्यात मी कोणाला बोट घालू दिलं नाही. मी धुळ्यात, देवपुरात राहतो, एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या ग्रुपबरोबर लग्नात, हळदीत, गणपतीत वाजवतो. ग्रुप म्हणजे फार काही नाही. पाचोऱ्याची एक ताई गाते, एक ढोलकी, एक पॅडवाला, मी आणि साउंड सांभाळणारे नाना. कॉलेजात मला कोणी विचारत नाही, त्यामुळे स्टेजवर मी जरा जास्तच ताठ असायचो. हे माझी बायको सांगते आणि ते खरं आहे.

इको हा शब्द आमच्याकडे सरसकट वापरतात, आणि त्यावरून मी अनेकांशी भांडलो आहे. खरं म्हणजे त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विहिरीत हाक मारली की हाक जशीच्या तशी परत येते, तो डिले. रिकाम्या मोठ्या खोलीत टाळी वाजवली की टाळी संपल्यावरही हवेत काहीतरी रेंगाळतं, तो रिव्हर्ब. कीबोर्डचा सूर मुळात कोरडा असतो, बोट उचललं की तुटतो. त्याच्या मागे ही गुंजण लावली की मग तो कुठेतरी वाजतोय असं वाटतं. माझ्याकडे दोन्हींचे दोन वेगळे लोखंडी डबे होते, साबणाच्या वडीपेक्षा थोडे मोठे, चार-चार नॉबचे. मुंबईहून मागवलेले. कीबोर्डची वायर आधी डिलेत, तिथून रिव्हर्बमध्ये आणि मग नानांच्या मिक्सरला. उलट जोडली तर सगळा चिखल होतो. हे मी तीन वर्षं चुकीचं जोडून शिकलो.

कुठे किती ठेवायचं, हे ठरवण्यात माझी खरी मास्टरकी होती असं मला वाटायचं. धरणगावला एक मंगल कार्यालय आहे, पूर्वी तिथे कापसाचं जिनिंग होतं. वर उंच पत्रा, खाली फरशी. तिथे गेल्या गेल्या मी दोन्ही डबे जवळजवळ बंद करायचो, कारण पत्राच एवढा घुमतो की वरून आणखी घातलं तर नवरदेवाचं नाव नवरीकडच्यांना कळत नाही. उलट सातपुड्याच्या पायथ्याला शेतात मांडव असला की सूर सुटतो आणि परतच येत नाही. तिथे रिव्हर्ब लांब ठेवायचा, डिले गाण्याच्या लयीत बसवायचा. नाचाच्या गाण्याला डिले आखूड, विदाईच्या गाण्याला रिव्हर्ब लांब आणि डिले अगदी मागे, असला-नसला. कुठल्याही जागी पोचलो की सामान उतरवण्याआधी मी मधोमध उभा राहून एक टाळी वाजवायचो आणि कान देऊन ऐकायचो. पॅडवाला मागे हसायचा. हसू दे म्हणायचो.

चार-पाच वर्षांपूर्वी एक गंमत व्हायला लागली. मी टाळी वाजवायचो आणि जागा काही उत्तरच द्यायची नाही. जळगावच्या एका कार्यालयात झालं, मग शिरपूरकडे एका ठिकाणी झालं, मग धुळ्यातच दोनदा झालं. माझ्या डोक्यात आलं काय, तर हल्ली लोक पडदे लावतात, छताला थर्माकोल लावतात, म्हणून घुमत नाही. खान्देशातली सगळी मंगल कार्यालयं एकाएकी सुधारली, असं मी खरोखर मानत होतो. धरणगावच्या पत्र्याखाली टाळी कोरडी पडली तेव्हा मात्र मी नानांना विचारलं, "छत बदललं का हो यांनी?"

नानांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "हॉल ते असाच शे भाऊ, पह्यलेपासून."

नानांचं वय झालंय, असं मी मनात म्हटलं आणि रिव्हर्बचा नॉब उजवीकडे फिरवला. मला जेवढी गुंजण ऐकायची होती तेवढी ऐकू येईपर्यंत फिरवला.

दुसऱ्या कुठल्या मुलखात असतो तर पहिल्याच कार्यक्रमाला लोकांनी मला खाली उतरवलं असतं. पण आमच्याकडे निवेदकाच्या माइकलासुद्धा एवढा इको लागतो की 'वऱ्हाडी मंडळींनी जेवून घ्यावं' हे वाक्य तीनदा जेवतं. मी वाढवत गेलो आणि लोक खूश होत गेले. लग्नघरची माणसं स्टेजजवळ येऊन सांगायची, "भाऊ, तुमना आवाज कसा घुमस!" आणि मी मान तुकवायचो. माझी ती एक पद्धत म्हणून गाजायला लागली होती. माझं जे बिघडत होतं त्याला लोक टाळ्या वाजवत होते. मला ते कळायला मार्गच नव्हता, आणि खरं सांगायचं तर कळून घ्यायची हौसही नव्हती.

फक्त ताई अधूनमधून म्हणायची, "भाऊ, जरासा कमी करा ना तुमना इको. माले श्वास घेवाले जागा उरत नई." ती माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, माझ्याशी फार मानानं बोलणारी. मी तिला सांगायचो की तू तुझ्या गळ्याचं बघ, डब्यांचं मी बघतो. याच शब्दांत. आठवलं की अजून तोंड कडू होतं.

घरी बायको वेगळंच काही सांगत होती. कुकरच्या शिट्ट्या मोजायला मला बसवलं तर डाळ करपायची. दारावरची बेल वाजतच नाही, असं म्हणून मी ती दोनदा बदलली. टीव्हीवरच्या बायका ओठ हलवून पुटपुटतात, अशी माझी तक्रार होती. ती म्हणाली, "अहो, कान दाखवून घ्या." मी म्हटलं, माझे कान दाखवायचे नसतात, भाड्याने द्यायचे असतात. हा विनोद मी बरेच दिवस वापरला.

मग आमच्या देवपुरातल्या एका गल्लीत कानबाईचा कार्यक्रम आला. कानबाई ही श्रावणातली आमची घरची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, भाऊबंद तिच्या नैवेद्याचे रोट करतात, बायका तिची गाणी म्हणतात आणि सोमवारी सकाळी तिला नदीवर पोचवतात. त्या गल्लीने घराघरांतल्या बायका एकत्र केल्या होत्या आणि ताईला बोलावलं होतं. रविवारी दुपारचा कार्यक्रम, छोटा मांडव, म्हणून ग्रुप नको, ताई आणि मी दोघंच पुरे असं ठरलं. नाना त्या दिवशी लेकीकडे गेले होते. मी घरचाच एक स्पीकर बायकांच्या बाजूला ठेवला, डब्यातून थेट त्यात वायर लावली आणि बसलो.

कानबाईची गाणी एकटीने म्हणायची नसतात. एक बाई ओळ टाकते, थांबते, आणि बाकीच्या ती झेलतात. त्या थांबण्यातच गाणं असतं. ओळ टाकणारी श्वास घेते तेवढ्यात समोरून तीस-चाळीस बायकांचा आवाज उठतो. मी लहानपणापासून हे ऐकत आलोय. माझी आई झेलणाऱ्यांत असायची, आवाजाने नव्हे पण जोराने सगळ्यांत पुढे.

ताईने पहिली ओळ टाकली. मी मागून तिचाच सूर वाजवला. ती थांबली. समोरून आठ-दहा आवाज आले, तेही चाचरत. दुसऱ्या ओळीला चार-पाच. तिसऱ्या ओळीला कोणीच तोंड उघडलं नाही. बायका नीट बसल्या होत्या, डोक्यावर पदर, माझ्या स्पीकरकडे बघत होत्या. ताईने हाताने खूण केली, या म्हणून. कोणी आलं नाही. मला वाटलं, आवाज फार रुक्ष जातोय, बायकांना रंग चढत नाहीये. मी खाली वाकलो आणि डिले वाढवला. मग रिव्हर्ब वाढवला.

ताईने माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत तिने माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं. मग तिने देवीकडे तोंड केलं आणि स्वतःच ओळ टाकली, स्वतःच झेलली. पुढची टाकली, पुढची झेलली. पाऊण तास. शेवटी तिचा गळा फाटला होता आणि चाळीस बायका गप्प बसून होत्या. कानबाईपुढे बायका गप्प बसलेल्या मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिल्या.

आरती झाल्यावर रोटाचं ताट घेऊन एक म्हाताऱ्या अक्का माझ्यापाशी आल्या. मी हसत विचारलं, "अक्का, आज गळे बसलेत का सगळ्यांचे?"

अक्कांना राग नव्हता. त्यांना वाटलं असंच असतं हल्ली. "तुमनं मशीनच झेली ऱ्हायंतं ना भाऊ," त्या म्हणाल्या. "ताईनी ओळ सरली का तिकडथून तेच परत ये. दोनदा, तीनदा. मंग आम्हीन कसाले तोंड उघाडानं?"

मी म्हटलं, नाही हो, एवढं काही नव्हतं. अक्का म्हणाल्या, व्हतं. मी ताईकडे पाहिलं. ती पाणी पीत होती आणि मान वर करत नव्हती.

त्या दिवशी मी घरी येऊन दार लावलं, स्पीकर समोर ठेवला, नॉब मांडवात होते तसेच ठेवले आणि एक सूर वाजवून बोट उचललं. मला थोडंसं काहीतरी ऐकू आलं आणि संपलं. मी बायकोला हाक मारली आणि सांगितलं, आवाज पूर्ण थांबला की हात वर कर. मी सूर वाजवला. माझ्यासाठी तो थांबला. ती उभी होती. मी तिच्या हाताकडे बघत होतो. तिने हात वर करेपर्यंत मी दोन वेळा श्वास घेतला असेल. मला एकदम भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी नानांकडे गेलो. ते नुकतेच गावाहून आले होते. मी उभ्याउभ्याच विचारलं की माझा इको जास्त असतो का. नानांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग सांगितलं. वर्षभर ते मला बाहेरच्या स्पीकरमधून खाली घेत होते. माझ्या बाजूला जो छोटा स्पीकर असतो, त्यात मी पूर्ण वाजायचो. लोकांत मात्र निम्मा, विदाईच्या गाण्याला तर जवळजवळ नाहीच. ताईने हात जोडून सांगितलं होतं म्हणाले, भाऊंना कळू देऊ नका. लोक टाळ्या वाजवायचे त्या नाचाच्या गाण्यांना, जिथे कसंही चालतं.

मला नानांची कॉलर धरावीशी वाटली. पण धरून काय विचारणार होतो? त्यांनी माझी लाज झाकली होती. मी चहा प्यायलो आणि घरी आलो.

कानाच्या डॉक्टरांसाठी जळगावला गेलो, धुळ्यात कोणी ओळखीचं भेटू नये म्हणून. तिथे एका काचेच्या खोलीत बसवतात, कानावर हेडफोन देतात आणि हातात एक बटण. आवाज आला की बटण दाबायचं. बाहेर एक तरुण मुलगी मशीनपाशी बसली होती. सुरुवातीचे जाड आवाज मी फटाफट दाबले. मग बारीक आवाज सुरू झाले. ते येत होते, मग विरत गेले, पण तोवर ती साधारण किती वेळाने आवाज सोडते ते मला कळलं होतं. आयुष्यभर मी हेच केलंय. मी मनात लय धरली आणि बरोबर समेवर बटण दाबत गेलो. एकही चुकवला नाही असं मला वाटत होतं. खोटेपणा करतोय हेही मला वाटत नव्हतं. मला प्रत्येक वेळी तो बारीक टीं ऐकू येत होता.

तिने दार उघडलं. "काका, तुम्ही संगीत वाजवता का?"

मी खूश होऊन हो म्हटलं.

"तरीच. मागचे सात-आठ वेळा मी आवाज सोडलाच नव्हता."

बायको बाकावर बसली होती. तिने तोंड दुसरीकडे फिरवलं.

मग त्या मुलीने पुन्हा तपासणी केली, वेळ वेडावाकडा ठेवून. कागदावर एक रेघ आली, ती अर्ध्यापर्यंत सरळ जाते आणि पुढे कड्यावरून उतरावी तशी खाली जाते. बारीक आवाज गेलेत, डॉक्टर म्हणाले. ढोल, ताशा, स्टेजवरचे स्पीकर, वर्षानुवर्षं. परत येत नाहीत. मी विचारलं, औषध? ते म्हणाले, कानाला मशीन लावा आणि जेवढं आहे तेवढं सांभाळा. गुंजण असते ती या बारीक आवाजांतच जास्त कळते, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

मशीन घेतलं. बोलणं ऐकू यायला लागलं, कुकर ऐकू आला, बेल तर एवढी जोरात की मी दचकलो. घरी आल्या आल्या कीबोर्डपाशी बसलो. सूर वाजवला आणि बोट उचललं. मागे काहीच नाही. धरून ठेवलेला सूर तर पाण्यात बुडाल्यासारखा हेलकावे खात होता. पुन्हा जळगाव. त्या मुलीने शांतपणे समजावलं की हे मशीन माणसाचं बोलणं पुढे आणतं आणि त्याच्या आजूबाजूचं घुमणं गडबड समजून दाबतं. "लोकांना तेच हवं असतं ना काका." तिने त्यात संगीतासाठी वेगळी सोय लावून दिली. थोडा फरक पडला. पण मला जे हवं होतं, ते शोधून काढून पुसायचं, हेच त्या यंत्राचं काम होतं. यात दोष कोणाला देणार. मी वाजवताना मशीन काढून ठेवायला लागलो.

ताईला मी फोन केला नाही. तीन-चार महिने गेले, मग तिचाच आला. पाचोऱ्याजवळ एक लग्न होतं, दिवसाचं, तिच्या नात्यातलं. म्हणाली, भाऊ, तुम्हीच पाहिजेत. मी सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "रविवारी सकाळी या मना घर. आपण दोन्ही मिळीसन लावू. मना कान शेतस ना."

तिच्या पुढच्या खोलीत आम्ही कीबोर्ड मांडला. ठरलं असं की मी वाजवायचं, तिने ऐकायचं आणि नॉब फिरवायचे, आणि जिथे बरोबर वाटेल तिथे नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, म्हणजे स्टेजवर मला कान लागणार नाहीत, डोळ्यांनी भागेल. तिने लाल बाटली आणली. ती खाली सतरंजीवर डब्यांपाशी बसली. मी मशीन काढून खिशात ठेवलं. ती थोडं फिरवायची आणि विचारायची, "इतलं?" मी वाजवायचो आणि सांगायचो, थोडं कमी, थोडं जास्त. मला फरक कळत नव्हता. पण सव्वीस वर्षं हो-नाही म्हणायची सवय, तोंड आपोआप बोलत होतं. दोन गाणी झाली, दोन ठिपके पडले.

तिसरं विदाईचं. ते मला नेहमीच अवघड गेलंय. तिने नॉब फिरवला, मी सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीला मला जाणवलं की आता बसलं. सूर सुटत होता आणि त्याच्या मागे ती गुंजण अगदी हवी तेवढी, पुढच्या सुराच्या पायात न येणारी, हळूहळू विरणारी. इतकी नीट मी पूर्वी कधी लावली नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी थांबलो आणि म्हटलं, "हां ताई. हेच. हात लावू नको."

"असंच ठेवू का भाऊ?"

"असंच ऱ्हाऊ दे."

तिने बाटली उघडली, वाकली आणि नॉबवर काळजीने ठिपका दिला. तो कुठे पडला ते पाहायला मीही वाकलो. डबा चालू असला की त्यावर एक बारीक लाल दिवा लागतो, बंद असला की सूर त्यातून कोरडाच पुढे जातो. तो लागलेला नव्हता. दुसऱ्यावरचाही नव्हता.

ते तिने कधी बंद केले, या गाण्याला की पहिल्यापासूनच, हे माझ्याच्याने विचारवलं नाही. राग आला, तो कोणावर काढायचा ते कळेना. तिला बरोबर ऐकू येत होतं आणि तिच्या कानाला हेच बरोबर वाटलं होतं. ती बाटलीचं झाकण लावत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

"परत एकदा लेऊत?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. तिने ओळ टाकली. मी डोळे उघडे ठेवून, त्या दोन विझलेल्या दिव्यांकडे बघत वाजवत होतो. प्रत्येक सुरामागे ती गुंजण मला स्पष्ट ऐकू येत होती.